पंधरा ते पन्नास: धुराच्या नियमांत सापडलेली जुनी गाडी

अब्बांची फियाट बिल्डिंगच्या मागे ताडपत्रीखाली उभी आहे. टायर बसलेत, बॅटरी कधीच मेली आहे, पण पत्रा शाबूत आहे आणि आरसी बुकही कपाटात आहे. एक भाऊ म्हणतो भंगारात घालू, जागा तरी मोकळी होईल. दुसरा म्हणतो थांब, आता या गाड्यांना किंमत येते आहे. आपल्या मोहल्ल्यांत हा वाद नवा नाही, कारण कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत गाडी दुरुस्तीचा, स्पेअर पार्टचा आणि भंगाराचा धंदा आपल्याच अनेक घरांत चालतो. मात्र दोघा भावांपैकी कोणाचं बरोबर, हे गाडीच्या तब्येतीपेक्षा धुराच्या नियमांवर जास्त ठरतं. ते नियम काय आहेत, गाडीला ते कुठे मारतात आणि कुठे तिची किंमत वाढवतात, हे आम्ही इथे एकत्र मांडतो आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. "पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात" हा कायदा महाराष्ट्रात नाही. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या दिवसापासून १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घेता येते. वयावरून सरसकट बंदी आली ती दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये आदेश दिले: डिझेल गाडीला १० वर्षं, पेट्रोल गाडीला १५. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केलं. जुलै २०२५ मध्ये तर अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर तेलच द्यायचं नाही असं ठरलं होतं, पण चार दिवसांत ते गुंडाळावं लागलं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नका म्हटलं आणि डिसेंबरमध्ये ती सवलत बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली. म्हणजे जी गाडी खरोखर जुनी आहे, तिला दिल्लीत पुन्हा संरक्षण उरलं नाही. टीव्हीवर दिल्लीची बातमी लागते आणि इकडे भिवंडीत कोणीतरी घाबरून चांगली गाडी भंगारवाल्याला देऊन टाकतो, हे आता थांबायला हवं.

धुराचे नियम कसे वाढत गेले

भारतात पेट्रोल गाड्यांच्या धुरावर पहिली ठोस मर्यादा आली १९९१ मध्ये, डिझेलवर १९९२ मध्ये. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल आलं. १९९६ मध्ये मर्यादा आणखी कडक झाल्या. २००० मध्ये युरोपच्या धर्तीवरचा पहिला टप्पा देशभर लागू झाला, आणि मग बीएस-२, बीएस-३, एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि मधला टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६.

यातला प्रत्येक टप्पा नव्या गाडीसाठी होता. १९८५ ची गाडी बीएस-६ पाळत नाही म्हणून तिच्यावर कोणी गुन्हा लावत नाही. जुन्या गाडीला जुनीच फूटपट्टी लागते. पीयूसी केंद्रावर बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-२ आणि बीएस-३ गाड्यांसाठी हीच मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम अशी खाली आली. कागदावर ही मोठी सवलत दिसते. प्रत्यक्षात तीन टक्क्यांत बसायलाही कार्ब्युरेटर नीट जुळलेला लागतो, पॉइंट साफ लागतात, टायमिंग बरोबर लागतं, टॅपेटचा गॅप हिशेबात लागतो, एअर फिल्टर मोकळा लागतो. आणि इंजिन गरम लागतं. थंड गाडी चोक ओढून केंद्रावर नेली की नापास होणारच, मग "नियमच जाचक आहेत" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

नियम नव्या गाडीसाठी असले तरी ते जुन्या मॉडेलचं उत्पादन संपवतात, आणि संग्राहकाच्या नजरेत किंमत चढायला सुरुवात होते ती बहुतेकदा तिथूनच.

नियमाने मारलं, नियमानेच मोठं केलं

सगळ्यात स्पष्ट उदाहरण चारचाकीचं नाही, दुचाकीचं आहे. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ अशी जेमतेम अकरा वर्षं बनली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ बीएचपी ताकद, हलकी बॉडी. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलसोबतच जळतं आणि न जळलेलं काही पेट्रोल सरळ सायलेन्सरमधून बाहेर जातं. म्हणून १९९६ च्या मर्यादा आल्यावर ती गाडी त्या रूपात बनवणं शक्य राहिलं नाही. आज तीस वर्षांनंतर तिचा आवाज लांबून ओळखणारी पोरं ती बंद झाली तेव्हा जन्मलीही नव्हती. चांगल्या कागदांची, मूळ इंजिनाची आरएक्स आज नव्या मोटरसायकलपेक्षा जास्त दराने मागितली जाते. नियम आला नसता तर कंपनीने ती आणखी दहा वर्षं विकली असती, आणि मग ती एक साधी जुनी बाइक राहिली असती.

चारचाकीत हेच मारुती ८०० आणि अँबॅसडरचं झालं. एप्रिल २०१० मध्ये तेरा शहरांत बीएस-४ लागू झालं तेव्हा कंपनीने तिथे मारुती ८०० विकणं थांबवलं आणि २०१४ मध्ये ती पूर्ण बंद झाली. त्याच वर्षी उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडरही थांबली. पण बंद झालेल्या प्रत्येक गाडीला संग्राहक मिळत नाही, हे इथेच सांगून ठेवतो. २००८ ची मारुती ८०० अजून गल्लोगल्ली आहे, तिला कोणी संग्रहात ठेवत नाही. १९८३-८५ च्या पहिल्या पिढीची, जिला जाणकार एसएस-८० म्हणून ओळखतात, तिची गोष्ट वेगळी. त्या गाड्या बहुतेक गेल्या, म्हणून उरलेल्यांना किंमत आहे.

आपल्या मुंबईची गोष्ट म्हणजे पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात ही गाडी बनवली. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की हीच. १९९९ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात धुराविरुद्धची जनहित याचिका चालली आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जाण्याची सक्ती झाली. पुढे टॅक्सीचं वय २० वर्षांवर बांधलं गेलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली होती. तिची वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी फोटो काढायला गर्दी झाली, पण ज्या हजारो गाड्या आधीच कापल्या गेल्या त्यांच्यासाठी कोणी आलं नव्हतं. ते साहजिकही होतं. त्या काळात सिग्नलवर उभं राहून तो धूर ज्यांनी खाल्लाय, त्यांना त्या टॅक्सीबद्दल हळवं होणं जड जातं. धुराचे नियम चुकीचे होते असं आम्ही म्हणत नाही.

पन्नास वर्षांचा दरवाजा

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, आणि चासी, बॉडी शेल वा इंजिनात मोठा बदल न केलेली, ती विंटेज. अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा. सोबत विमा, जुनं आरसी बुक आणि परदेशातून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या पुनर्नोंदणीची ५,०००. भारतात आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" असलेली पाटी मिळते.

बदल्यात एक मोठी अट आहे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, तेल भरणं, दुरुस्तीला नेणं, एवढ्यापुरतीच. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन खर्च काढू असं कोणाच्या मनात असेल तर तो धंदाच झाला.

आता यातली मेख बघा. १९८० ची पद्मिनी २०३० मध्ये विंटेज होईल. १९९० ची आरएक्स २०४० मध्ये. शेवटच्या टॅक्सीसोबतची २००३ ची गाडी २०५३ मध्ये. तोवर कायद्याच्या नजरेत ती निव्वळ जुनी, प्रदूषण करणारी गाडी आहे आणि तिला त्याचा दंड भरावा लागतो. पंधरा ते पन्नास, ही मधली पस्तीस वर्षं हाच खरा घाट आहे. बहुतेक गाड्या इथेच मरतात, आणि मेल्या की साहजिकच उरलेल्यांची किंमत वाढते.

इतर देशांनी हे अंतर कमी ठेवलंय. जर्मनीत ३० वर्षांची, चांगल्या मूळ अवस्थेतली गाडी नंबरापुढे "एच" लावून घेते आणि शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात तिला मोकळीक मिळते. लंडनमध्ये ऑगस्ट २०२३ पासून संपूर्ण शहरात जुन्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात, पण ४० वर्षं पूर्ण करून ऐतिहासिक वर्गात गेलेल्या गाडीला माफी आहे, आणि ती रोज चालवायलाही मनाई नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना धुराच्या चाचणीतून सूट आहे, मात्र ते वर्ष जागच्या जागी थांबलेलं असल्याने १९७६ ची गाडी कितीही जुनी झाली तरी चाचणी द्यावीच लागते. आमच्या मते भारताने निदान चाळीसचा विचार करायला हरकत नाही. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीने शहराची हवा बिघडत नाही.

खर्च किती येतो

एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांनंतर मोटारीची नोंदणी वाढवायची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, मोटरसायकलची ३०० वरून १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक पायरी आली: २० वर्षांवरच्या गाडीसाठी मोटारीला १०,०००, मोटरसायकलला २,०००, आणि परदेशातून आणलेल्या चारचाकीला ८०,०००. महाराष्ट्रात यावर पर्यावरण कर वेगळा, विमा वेगळा, पीयूसी वेगळी. मुदत संपल्यावर उशीर केला तर मोटारीला महिन्याला ५०० आणि मोटरसायकलला ३०० असा जादा आकार आहे. ताडपत्रीखालची गाडी सहा-सात वर्षं विसरली की हा आकडाच तीस-चाळीस हजारांवर जातो. गाडी चालत नसली तरी मीटर चालू आहे, हे लक्षात ठेवा.

शिवाय तेलाचा प्रश्न. २००० साली शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. अँबॅसडरसारख्या बिडाच्या हेडच्या इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक त्या शिशामुळे वाचत असे. हेड उघडलंच तर मिस्त्रीला कडक सीट बसवायला सांगा. आणि आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी पाइप, डायफ्रॅम आणि कॉर्कचे गॅस्केट खराब करतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरवतं. पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, टाकी महिनोन् महिने अर्धी भरून ठेवू नका. हे काम फार महाग नाही. पण न केल्यास गळतीने आग लागण्याची भीती असते.

"मूळ रूप" म्हणजे नेमकं काय

किंमत आणि विंटेज नोंदणी, दोन्ही या एका शब्दावर अडतात. सत्तर-ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून आपल्याच उस्तादांनी मोठ्या अमेरिकन गाड्यांत, जीपमध्ये, अँबॅसडरमध्ये डिझेल इंजिनं बसवली. काम असं चोख की गाडी आणखी वीस वर्षं पोटापाण्याला लागली. आज तीच गाडी संग्राहकासमोर आली की पहिला प्रश्न येतो, मूळ इंजिन कुठे आहे? टॅक्सींना सीएनजी बसवलं ते तर न्यायालयाच्या आदेशाने, हवा सुधारावी म्हणून. पण किट बसवताना डिकी कापली, पत्र्याला भोकं पाडली. ज्या नियमाने त्या गाडीला काही वर्षं जगवलं, त्यानेच तिच्या मूळपणावर शंका आणली.

म्हणून गॅरेजवाल्या भावांना आमचं एक सांगणं आहे. जुन्या गाडीतून काढलेला कार्ब्युरेटर, डायनामो, मीटर, हबकॅप, मूळ इंजिन यातलं काहीही किलोच्या भावाने विकू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोर बाजारात या वस्तू शोधायला लोक लांबून येतात. नव्या बीएस-६ गाडीचं काम स्कॅनर लावल्याशिवाय सुरू होत नाही, आणि कानाने कार्ब्युरेटर जुळवणारे उस्ताद आता वयाने थकले आहेत. त्यांच्याकडून हा हुनर शिकलेला तरुण पुढची वीस वर्षं रिकामा बसणार नाही, कारण पीयूसीच्या त्या तीन टक्क्यांत जुनी गाडी आणणारा माणूस दिवसेंदिवस दुर्मीळ होतोय.

घेताना, ठेवताना, सोडताना

दिल्लीच्या बंदीमुळे तिथल्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्या आणि थोड्या जुन्या पेट्रोल गाड्या स्वस्तात महाराष्ट्रात येतात. स्वस्त म्हणून धावू नका. दिल्लीच्या आरटीओची एनओसी आहे का, आरसी रद्द तर झालेली नाही ना, चासी नंबर स्वच्छ वाचता येतो का, हे आधी बघा आणि इथे भरावा लागणारा कर किमतीत धरा. आरसी रद्द झालेली गाडी कितीही चकचकीत असली तरी ती शोभेची वस्तू आहे. ती रस्त्यावर परत आणतो म्हणणाऱ्या एजंटला आगाऊ पैसे देऊ नका.

सगळ्याच गाड्या राखण्यासारख्या नसतात, हेही मोकळेपणाने सांगतो. पत्रा खालून कुजलेला, इंजिन दुसरं, कागद गायब आणि मॉडेल अजून रस्त्यावर भरपूर, अशी गाडी असेल तर जीव अडकवू नका. पण द्यायचीच तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि ठेव प्रमाणपत्र घ्या. ते दाखवून नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते, आणि मुख्य म्हणजे जुनी गाडी तुमच्या नावावरून उतरते. गल्लीतल्या भंगारवाल्याला तशीच दिली आणि तिचा चासी नंबर उद्या दुसऱ्याच गाडीवर निघाला, तर पोलीस पहिल्यांदा तुमचंच दार ठोठावतील.

राहता राहिली अब्बांची फियाट. आरसी अजून त्यांच्याच नावावर असेल तर नोंदणी वाढणार नाही, विमाही नीट होणार नाही आणि विंटेजचा अर्ज तर नाहीच. मालकाच्या निधनानंतर वारसाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. उशीर झाला असेल तरी आधी हेच काम उरका, मग फॉर्म २५ ने नोंदणी वाढवा. आणि संमतीच्या कागदावर बहिणींच्या सह्या घेताना गाडीची किंमत त्यांना खरी सांगा. भंगाराच्या भावाने हिशेब करून तरक्यातून बाजूला काढलेली गाडी दहा वर्षांनी लाखांत विकली गेली, तर त्यातला त्यांचा वाटा तेव्हाही बाकीच राहील.